टक्के वाढले म्हणजे दगड जवळ आला असं नसतं

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या फॅमिली ग्रुपवर काकूने एक फॉरवर्ड टाकला. २२ डिसेंबर २०३२ ला आकाशातून दगड पडणार, मुंबई साफ, खाली तीन लाल दिवे आणि जोडलेले हात. दोन मिनिटांत चुलतभावाचा रिप्लाय, माझं कल्याणच्या फ्लॅटचं लोन नेमकं त्याच वर्षी संपतंय, म्हणजे हप्ते भरून झाले की वरून दगड. सगळ्यांनी हसायचे इमोजी टाकले, पण रात्री काकूने मला वेगळा मेसेज केलाच, खरं आहे का रे हे?

मी तेव्हा "काही होत नाही गं, झोप" एवढंच लिहिलं. पण ते काही उत्तर नव्हतं, कारण बातमी निव्वळ थाप नव्हती ना. दगड खरा होता, तारीख खरी होती, नासा आणि युरोपची अवकाश संस्था इसा दोघांच्याही धोक्याच्या यादीत तो पहिल्या नंबरवर होता, आणि त्यात मुंबईचं नाव कुठून घुसलं त्यालाही कारण होतं. वर परत आकडा रोज वाढत होता. जानेवारीअखेर एक टक्क्याच्या थोडा वर, ७ फेब्रुवारीच्या सुमारास २.३, आणि १८ तारखेला ३.१ टक्के. एवढा मोठा आकडा याआधी कुठल्याच मोठ्या दगडासाठी आलेला नव्हता. मग आठवड्याच्या आत तो घसरून ०.००४ टक्के झाला, पण ते मात्र ग्रुपवर कोणी टाकलं नाही, तोवर सगळे दुसऱ्याच कशाच्या तरी मागे लागलेले. काकूच्या डोक्यात अजूनही बहुतेक ३.१ च असेल, म्हणून तेव्हा जे नीट सांगायला हवं होतं ते आता लिहून काढतोय.

त्या दगडाचं नाव २०२४ वायआर४. दिसायला पासवर्डसारखं आहे पण ते गाडीच्या नंबरप्लेटसारखं वाचायचं असतं. २०२४ हे साल, वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा, आणि आर४ म्हणजे त्या पंधरवड्यातला ११७ वा. हो, एकशे सतरावा. एका पंधरवड्यात शंभराच्या वर नवीन लघुग्रह नोंदले जातात आणि त्याची कुठे दोन ओळींची बातमी पण होत नाही. हा सापडला २७ डिसेंबर २०२४ ला, चिलीमधल्या अ‍ॅटलास नावाच्या दुर्बिणीला, जी रोज रात्री आकाशाचे फोटो काढून काल कुठे काय होतं आणि आज काय सरकलंय हे बघायचं काम करते. आणि सापडला तेव्हा तो आपल्या शेजारून जाऊन दोन दिवस झाले होते. २५ डिसेंबरला तो साधारण सव्वाआठ लाख किलोमीटरवरून, म्हणजे चंद्राच्या दुप्पट अंतरावरून निघून गेला आणि आपल्याला मागाहून कळलं की पाहुणे येऊन गेले.

आकार साधारण ६० मीटर. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला जवळजवळ चार वर्षं लागतात, त्यामुळे २०२८ ला परत इकडे, आणि मग २०३२.

आता ते टक्क्याचं.

संक्रांतीला गच्चीवर उभे आहात आणि लांब वर कुठेतरी एक पतंग कटला. पोरं लगेच ओरडतात, आला आला. पण तो अजून एवढा वर आहे, वारा कसा वळेल काय माहीत, आपल्या अंदाजाने तो समोरच्या शंभर गच्च्यांपैकी कुठल्याही एकीवर पडू शकतो. त्यात आपली एक. म्हणजे एक टक्का. जरा खाली आला, आता एवढं कळलं की मागच्या गल्लीकडे काही तो जात नाही, तिकडच्या गच्च्या बाद, उरल्या पन्नास, आणि आपली अजून त्यात आहे. झाले दोन टक्के. आणखी खाली आला, उरल्या तीस, आपली अजूनही आहेच, तीन टक्क्यांच्या वर गेलो. आता पोरांनी काठ्या घेतल्या, हा आपलाच. आणि मग तो सरळ समोरच्यांच्या पाण्याच्या टाकीवरून पलीकडे निघून जातो आणि आपले टक्के एका सेकंदात शून्य. पतंगाने मधेच काही विचार बदललेला नसतो. तो पहिल्यापासून तिकडेच चाललेला असतो, आपल्याला ते दिसायला वेळ लागला.

वायआर४ चं अगदी हेच झालं. २२ डिसेंबर २०३२ ला तो नक्की कुठे असेल हे जानेवारीत कोणालाच नीट सांगता येत नव्हतं, फक्त एक लांबलचक पट्टा सांगता येत होता की या एवढ्यात कुठेतरी असेल, आणि त्या पट्ट्यात पृथ्वी एका गच्चीएवढी. रोज नवीन निरीक्षणं आली की पट्टा आखूड व्हायचा, पृथ्वी अजून त्याच्या आत, म्हणून टक्का वर. मधे पौर्णिमा आली, १२ फेब्रुवारीच्या आसपास, चंद्राच्या उजेडात एवढा फिकट ठिपका दिसेना म्हणून काही दिवस आकडा तसाच लटकून राहिला, आणि चंद्र जरा बाजूला झाल्यावर नवीन निरीक्षणं आली ती थेट ३.१ घेऊन. तेव्हाच टीव्हीवाल्यांनी ढोल वाजवले. पुढच्या दोन-तीन रात्रींत पट्टा एवढा आखूड झाला की पृथ्वी त्याच्या बाहेर पडली. १९ ला दीड टक्का, २० ला ०.२८, २४ पर्यंत ०.००४.

म्हणजे तो टक्का सांगत असतो आपल्याला अजून किती माहीत नाही ते. दगड आपल्या वाटेने चाललेलाच असतो.

यावर एक शंका रास्त आहे, की खरंच आदळणारा दगड असला तर? तर सुरुवात अगदी अशीच दिसेल. एक, दोन, तीन, मग आकडा खाली येणार नाही, दहा, चाळीस, नव्वद असा चढत जाईल. ३.१ टक्क्यांवर उभं राहून बघितलं तर दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. असं बत्तीस वेळा झालं तर एकतीस वेळा पुढे शून्य होईल आणि एकदा नाही होणार, आणि ती एकदावाली वेळ कुठली हे आधी कळायची सोय नाही. त्यामुळे "शास्त्रज्ञ उगाच घाबरवतात" हे काकांचं म्हणणं पण मला पटत नाही. ते घाबरवत नव्हते, ते आकडा आला तसा सांगत होते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं, गपचूप ठेवून नंतर कळण्यापेक्षा हे बरं.

बरं, इतक्या मोठमोठ्या दुर्बिणी असून अंदाज एवढा ढिला का? क्रिकेट बघणाऱ्यांना हे पटकन कळेल. एलबीडब्ल्यूचा रिव्ह्यू घेतला की बॉल टप्पा पडून पॅडला लागेपर्यंत जेवढा दिसला तेवढ्यावरून पुढचा रस्ता काढतात. टप्पा आणि पॅड यात अंतर जेमतेम असलं की अंदाज कच्चा. इथे तर काही आठवड्यांचा रस्ता डोळ्यांनी बघितलेला आणि त्यावरून आठ वर्षं पुढचा स्टंप उडतो का नाही ते सांगायचंय, तेही असा बॉल जो रोज आपल्यापासून लांब आणि फिकट होत चाललाय. पुढे तर जमिनीवरच्या दुर्बिणींना तो दिसेनासा झाला, पण त्याआधी मार्चअखेर जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीने तो बघितला. साठ मीटर हा आकार तिथूनच पक्का झाला, त्याआधी ४० ते ९० च्या मधे काहीतरी असं चाललं होतं.

मुंबईचं नाव कसं आलं ते पण सांगून टाकतो. तो जो लांबलचक पट्टा, तो रुंदीला अगदी बारीक असतो, दोऱ्यासारखा. तो दोरा पृथ्वीवर टाकला तर एक रेघ उमटते, की आदळलाच तर या रेघेवर कुठेतरी एका ठिकाणी. वायआर४ ची रेघ पूर्व पॅसिफिकमधून निघून दक्षिण अमेरिकेचा वरचा भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि आपल्याकडे दक्षिण आशियापर्यंत. आता अर्धं जग ओलांडणारी रेघ आहे, तिच्यात समुद्र आहे, वाळवंट आहे, जंगल आहे, पण बातमीत काय येणार? बोगोटा, लागोस, मुंबई, कोलकाता, ढाका. ते ३.१ टक्के अख्ख्या रेघेचे होते, एकट्या मुंबईच्या वाट्याला त्यातला कणभर तुकडा. आमच्या ग्रुपवर मात्र दगड थेट कल्याणच्या फ्लॅटवर.

अजून एक गोष्ट जी मला स्वतःला फार उशिरा कळली. दोन कक्षा एकमेकींना छेदतात म्हणजे टक्कर होणार असं नाही. रेल्वे फाटकाचं बघा, रस्ता आणि रूळ तिथे कायम छेदलेलेच आहेत, पण अपघात व्हायला गाडी आणि ट्रेन दोघांनी एकाच वेळेला फाटकावर असावं लागतं. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला साधारण ३० किलोमीटर पळते. तिचा व्यास १२,७४२ किलोमीटर. भागाकार करून बघा, ती स्वतःच्या जागेतून पूर्ण बाजूला व्हायला फक्त सात मिनिटं घेते. म्हणजे दगड त्या फाटकावर सात-आठ मिनिटं उशिरा पोचला तर तिथे कोणी नाही. आपली लोकल रोज याच्यापेक्षा जास्त लेट असते. हे सात मिनिटांचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग समजा आदळलाच, तर होतं काय? हे सगळं आकारावर आणि वेगावर. वेगाचा आधी अंदाज घेऊ. हे दगड साधारण सेकंदाला १५ ते २० किलोमीटरने आत शिरतात, मुंबई ते पुणे आठ-दहा सेकंदांत. एवढ्या वेगाला नुसता एक किलोचा दगड घेतला, देवळाबाहेरचा नारळ असतो तेवढा, तर त्याच्यात तीस-चाळीस किलो टीएनटी स्फोटकाएवढी शक्ती असते. दगडात दारू वगैरे काही नसते, फक्त वेग. त्यामुळे लहान दगड हवेतच भाजून, फुटून संपतात, रोज रात्री ज्याला आपण तारा तुटला म्हणतो ते बऱ्याचदा वाळूच्या कणाएवढे असतात.

वीस मीटरचा आला की काय होतं ते आपण बघितलंय, व्हिडिओसकट. १५ फेब्रुवारी २०१३, रशियातलं चेल्याबिन्स्क, सकाळचे सव्वानऊ-साडेनऊ, कडाक्याची थंडी, लोक कामाला निघालेले. आकाशात सूर्याहून लख्ख असा उजेड झाला आणि धुराची जाड रेघ उरली. आणि मग काहीच नाही, शांतता. आता अशा वेळी माणूस काय करतो? खिडकीशी जातो, मोबाईल काढतो, आत हाका मारतो या या बघा. लांबचा बाण फुटला की आधी उजेड दिसतो आणि आवाज मागून येतो, तसा इथे स्फोट तीस किलोमीटर उंचीवर झालेला, धक्का खाली पोचायला मिनिटाहून जास्त लागला, आणि तो आला तेव्हा सगळे काचेला नाक लावून उभे होते. साधारण १५०० लोक जखमी, बहुतेक सगळे काचांनीच, सात हजारांवर इमारतींचं नुकसान, एका कारखान्याचं छप्पर बसलं. मेलं कोणी नाही. तिथल्या एका शाळेत बाईंनी उजेड दिसल्याबरोबर पोरांना बाकाखाली घातलं, पोरांना ओरखडा नाही, बाईंचा हात मात्र कापला. मला विचाराल तर या अख्ख्या विषयातली सगळ्यात उपयोगी माहिती हीच आहे, आकाशात असा उजेड दिसला तर खिडकीपासून लांब. बाकी सगळं नासा बघेल, हे आपल्याला करायचंय.

आणि तो आधी कोणालाच दिसला नव्हता, कारण आला सूर्याच्या बाजूने. समोरून गाडीचे हेडलाइट डोळ्यावर आले की बाजूचा सायकलवाला दिसत नाही ना, तसं. त्यातली गंमत म्हणजे त्याच दिवशी दुसरा एक लघुग्रह पृथ्वीपासून २७,७०० किलोमीटरवरून जाणार हे सगळ्यांना महिनोन् महिने आधी माहीत होतं, जगभरचे लोक त्याची वाट बघत पुढच्या दारात उभे, आणि हा मागच्या दाराने. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

त्याच्या वरचा साइज म्हणजे वायआर४ वाला, ५०-६० मीटरचा. ३० जून १९०८, सैबेरियातलं तुंगुस्का. जमिनीवर पोचलाच नाही, हवेतच फुटला, तरी खाली दोन हजार चौरस किलोमीटरच्या वर जंगल झोपलं. मुंबई शहर आणि उपनगर मिळून सहाशेच्या आसपास होतं, म्हणजे त्याच्या तिपटीहून जास्त. जंगल होतं म्हणून निभावलं. संयुक्त राष्ट्रांनी ३० जून हा लघुग्रह दिन केलाय तो या तुंगुस्कामुळे.

आणि जमिनीपर्यंत पोचला तर काय होतं हे बघायला सैबेरियात जायची गरज नाही, बुलढाणा जिल्ह्यात जावं लागतं. लोणारला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलेलं की डोंगर वगैरे असेल. कुठलं काय, सपाट रान, कपाशी, सोयाबीन, टपरी, गाव, आणि गावाला लागून अचानक जमीन संपते. खाली बघितलं की एक अख्खी वाटी, १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल, मधे हिरवट पाणी, कडेला झाडी आणि पडकी देवळं. धारेच्या झऱ्यापासून खाली उतरायला लागलं की मोर ओरडतात, वानरं अंगावर येतात, आणि पाण्याजवळ गेलं की तो खारट-कुजकट वास. पण मी ते सोडून काठ बघत बसलेलो. आपला काळा पाषाण सगळीकडे कसा आडव्या थरांत असतो, सह्याद्रीत बघा, केकचे थर ठेवल्यासारखा. लोणारच्या काठाला तेच थर बाहेरच्या बाजूला वर उचकटलेले आहेत. खालून कोणी तरी बोट घालून उचकटावं तसे.

बरीच वर्षं लोकांना तो ज्वालामुखीच वाटायचा, आणि चूक तरी काय, दख्खन सगळं लाव्ह्याचंच. मग १९७३ मध्ये तिथल्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडलं, म्हणजे खनिज वितळायच्या आधीच नुसत्या धक्क्याने त्याची काच झालेली, आणि असला धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही. वय आधी ५० हजार वर्षांच्या आसपास धरायचे, नंतर दगडातल्या आर्गॉन वायूवरून मोजलं तर ५ लाख ७० हजार आलं. गावात विचाराल तर लवणासुराला विष्णूने मारला ते हे ठिकाण, आणि दैत्यसूदनाचं देऊळ बघितल्याशिवाय सोडत नाहीत. २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पण लोकांनी उल्केपर्यंत काय काय जोडलं, ते खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव होते, पुण्याच्या आघारकर संस्थेत तपासलं होतं.

डायनासोरवाल्याबद्दल सगळ्यांना माहीतच असतं, दहा किलोमीटरचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, मेक्सिकोच्या युकातानला, खड्डा १८० किलोमीटरचा. फक्त एवढंच की साधारण त्याच काळात आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता, म्हणजे ज्या पाषाणाच्या पायऱ्या आपण गडावर चढतो तो त्या वेळचा आहे, आणि डायनासोर नक्की कशाने जास्त मेले, दगडाने का लाव्ह्याने, यावर भांडण बरीच वर्षं चाललं. आता पारडं दगडाकडे झुकलेलं आहे.

हे किती वेळा होतं? चेल्याबिन्स्कएवढा काही दशकांतून एकदा, तुंगुस्काएवढा काही शतकांतून एकदा, १४० मीटरचा दहा-वीस हजार वर्षांतून एकदा, एक किलोमीटरचा काही लाख वर्षांतून, दहा किलोमीटरचा दहा कोटी वर्षांतून वगैरे. हे सगळे सरासरी आकडे, एसटीचं टाइमटेबल नव्हे की मागचा येऊन शंभर वर्षं झाली म्हणजे आता पुढचा येईलच.

आता यादीचं बघू, कारण खरा प्रश्न तिथे आहे. एक किलोमीटरच्या वरचे जे पृथ्वीच्या आसपास फिरतात त्यातले ९५ टक्क्यांच्या आसपास सापडलेत, आणि पुढच्या शंभर वर्षांत त्यातला एकही आपल्यावर येत नाही. १४० मीटरच्या वरचे अंदाजे २५ हजार असावेत, त्यातले निम्मेसुद्धा अजून सापडले नाहीत. २००५ मध्ये अमेरिकन संसदेने नासाला सांगितलं होतं की २०२० पर्यंत यातले ९० टक्के शोधा, नाही झालं, पैसेच तेवढे दिले नाहीत. त्याच्या खालचे, पन्नास-साठ मीटरवाले, त्यातले तर बहुतेक सगळे अनोळखीच. म्हणजे डायनासोरवाला येत नाही हे आपण छातीठोक सांगू शकतो, आणि चेल्याबिन्स्कवाला उद्या सकाळी येणार नाही हे कोणीही सांगू शकत नाही. लोक घाबरतात मात्र बरोबर उलटं.

शोधणं वाढतंय पण. चिलीतल्या रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिले फोटो दाखवले तेव्हा दहा-एक तासांच्या निरीक्षणात दोन हजारांवर नवीन लघुग्रह दाखवले. सूर्याच्या बाजूचा जो आंधळा कोपरा आहे त्यासाठी नासा निओ सर्व्हेअर नावाची दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर ठेवणार आहे, ती उजेडाऐवजी दगडाची उष्णता बघेल, म्हणजे कोळशासारखा काळा दगड असला तरी सुटणार नाही. आपल्याकडे लडाखमध्ये हानलेला ग्रोथ-इंडिया नावाची दुर्बीण आहे, बंगळुरूची खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी बॉम्बे यांची, ती पण असल्या पळणाऱ्या ठिपक्यांच्या मागे असते. पृथ्वी गोल आहे, चिलीत दिवस असतो तेव्हा कोणीतरी बघायला लागतंच.

आणि आधी कळलं तर करायचं काय? लहान असेल तर गाव रिकामं करायचं, वादळाच्या वेळी ओडिशात करतात तसं. २००८ मध्ये चारेक मीटरचा एक दगड पडायच्या १९ तास आधी सापडला, सुदानच्या वाळवंटात पडणार हे गणिताने सांगितलं आणि तो तिथेच पडला, मग विद्यार्थ्यांनी रांगेने वाळवंट तुडवून तुकडे वेचले. मोठा असेल आणि हातात वर्षं असतील तर ढकलायचा. हे नुसतं बोलणं नाही, करून बघितलंय. २६ सप्टेंबर २०२२ ला, आपल्याकडे २७ ची पहाट, नासाचं डार्ट यान डिमॉर्फस नावाच्या साधारण १६० मीटरच्या दगडावर मुद्दाम नेऊन आपटलं. यान पावणेसहाशे किलोच्या आसपास, म्हणजे छोट्या कारपेक्षा पण हलकं, आणि वेग सेकंदाला सहा किलोमीटर. डिमॉर्फस एका मोठ्या दगडाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा. ७३ सेकंदांचा जरी फरक पडला तरी पास, असं ठरवलेलं. फरक पडला ३३ मिनिटांचा. कारण नुसता धक्का नाही, आपटल्यावर जो चुरा उलट दिशेला उडाला त्यानेच दगडाला अजून ढकललं, फुगवलेला फुगा सोडला की पळतो तसं.

आणि इथे ते सात मिनिटांचं फाटक. दगडाला वळवून दुसरीकडे न्यायचं नसतंच मुळी, त्याला फक्त लेट करायचं असतं. त्याच्या वेगात सेकंदाला एक सेंटिमीटरचा फरक पाडला, मुंगी चालते तेवढा, तर दहा वर्षांत साध्या गुणाकारानेच तीन हजार किलोमीटरच्या वर फरक साठतो, आणि कक्षेच्या गणितात तो अजून वाढतो. पण दहा वर्षं हातात हवीत. दहा दिवस असतील तर डार्ट काय आणि अजून काय. "अणुबॉम्बने उडवून टाका" म्हणणारे आमच्याकडे पण आहेत, तर तो पर्याय कागदावर आहे, पण उशिरा उडवला तर एका गोळीच्या जागी छर्रे येतात.

एक तक्रार करून घेतो. दर आठवड्याला बातमी येते, "विमानाएवढा लघुग्रह पृथ्वीच्या दिशेने", उघडून बघावं तर पन्नास लाख किलोमीटरवरून जाणार असतो. चंद्र ३ लाख ८४ हजारवर आहे, म्हणजे चंद्राच्या तेरापट लांबून. नागपुरात ट्रक गेला म्हणून मुंबईत फुटपाथवर चढण्यासारखं आहे हे. त्यात "संभाव्य धोकादायक" हा शब्द वापरला की अजून जोर येतो, पण तो नुसता सरकारी वर्ग आहे. आकार १४० मीटरच्या वर आणि कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून ७५ लाख किलोमीटरच्या आत येते, एवढं असलं की शिक्का बसतो, मग तो पुढची हजार वर्षं आपल्या वाटेला न का जाईना. बातमीत तीन गोष्टी शोधा, आकार किती, सगळ्यात जवळचं अंतर किती, आणि धोका मोजायच्या टोरिनो स्केलवर किती. हे स्केल शून्य ते दहा असतं आणि जवळजवळ सगळे कायम शून्यावर असतात. वायआर४ तीनवर गेला होता.

चारवर आजवर एकच गेलाय, अपोफिस. २००४ च्या जूनमध्ये सापडला, साडेतीनशे मीटरच्या आसपास, आणि त्या डिसेंबरात १३ एप्रिल २०२९ साठी आकडा चढत चढत २.७ टक्क्यांवर गेला. तेव्हा फॉरवर्ड नव्हते, आणि २६ डिसेंबरला त्सुनामी आली, तर कोणाचं लक्षच नव्हतं. मग कोणीतरी त्याच वर्षी मार्चमध्ये काढलेले जुने फोटो चाळले, त्यात तो फिकट ठिपका आधीच आलेला होता, रस्ता एकदम लांब झाला आणि टक्का कोसळला. परत पतंगच. २०२१ मध्ये रडारने मोजल्यावर पुढच्या शंभर वर्षांचाही प्रश्न मिटला.

पण तो येणार आहे, ठरल्याप्रमाणे, त्याच दिवशी. जमिनीपासून साधारण ३२ हजार किलोमीटरवरून, म्हणजे आपल्या टीव्हीचे उपग्रह ३६ हजारवर असतात त्यांच्याही आतून. एवढा मोठा दगड एवढ्या जवळून जाताना दुर्बिणीशिवाय दिसणं ही आपल्या पिढीची चैन आहे. सगळ्यात भारी युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून दिसेल. सगळ्यात जवळ येईल तेव्हा आपल्याकडे १४ तारखेची पहाट असेल, सव्वातीनच्या सुमारास, आणि तो तेव्हा अटलांटिकवर, म्हणजे आपल्यासाठी पश्चिमेला मावळून गेलेला. त्याच्याआधी तो हिंदी महासागरावरून पश्चिमेकडे जाणार आहे, तेव्हा शोधायचा, ताऱ्यासारखा ठिपका, पण सरकणारा. रात्री बाराला आंबेडकर जयंतीचे फटाके वाजतील तेव्हा शहरात धुरातून काय दिसणार, म्हणून मी लोणारच्या काठावर जायचं म्हणतोय. काकूला विचारलं, येतेस का. ती म्हणाली, तिथे पडला होता ना एक?